भाऊजींच्या गाडीतला माल

डेपोत त्यांना सगळे वहिनी म्हणायचे. मोठ्या साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे. त्याला कारण त्यांचे धाकटे दीर. तीन वर्षांपूर्वी ते टेम्पोवर लागले. पहिल्याच सकाळी खाली धक्क्यावर उभे राहून त्यांनी वरच्या काचेच्या खोलीकडे तोंड केलं आणि ओरडून विचारलं, "वहिनी, माझी गाडी कुठली?" वहिनींनीही खिडकी सरकवून उत्तर दिलं, "भाऊजी, तीन नंबर!" खाली माल उचलणारे शंभर हात थांबले आणि एकच हशा पिकला. तेव्हापासून ह्या सगळ्यांच्या वहिनी आणि ते सगळ्यांचे भाऊजी. त्यांच्या दुप्पट वयाचे मुकादमसुद्धा "ओ भाऊजी, गाडी मागं घ्या" असं हसू दाबून म्हणायचे.

वहिनींचं काम गाड्या लावण्याचं. लांबून आलेले मोठे ट्रक पहाटेपर्यंत रिकामे व्हायचे, माल गल्लीवार लागायचा, आणि मग कुठला माल कुठल्या टेम्पोत, कुठल्या रस्त्याने, कुणाच्या दारात आधी, हे वहिनी ठरवायच्या. सगळी धावपळ सकाळची. साडेनऊनंतर मधल्या बाजारात मालाची गाडी दिसली की पोलीस ती उचलून न्यायचे. त्यामुळे सात ते साडेनऊ ह्या अडीच तासांत अर्ध्या शहराची दुकानं भरायची असायची. वहिनींपुढे एक मोठा स्क्रीन होता. त्यावर शहराचा नकाशा आणि नकाशावर फिरणारे हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक गाडी.

भाऊजींना ह्या कामावर वहिनींनीच आणलं होतं. सासरे ट्रकवर होते, एका वळणावर ट्रकसकट दरीत गेले. वहिनींचे यजमानही लांबच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. धाकट्यानेही तोच रस्ता धरला तेव्हा सासूबाई एके दुपारी वहिनींच्या पुढ्यात येऊन बसल्या. "एक गेला. एक रस्त्यावर आहे. हा तरी तुझ्या नजरेसमोर ठेव," एवढंच म्हणाल्या. वहिनींनी त्यांचा हात हातात घेतला. "शहरातला टेम्पो, आई. सायकलवाला पुढे जातो त्याच्या. भाऊजींना काय होणार आहे?"

पण भीती वहिनींच्या अंगातच होती. कुणी ड्रायव्हर फोनवर बोलत गाडी चालवतोय असं कळलं तर त्या त्याला सगळ्यांसमोर फैलावर घ्यायच्या. शेवटी त्यांनी नियमच केला. गाडी चालू, तर फोन बंद करून पुढच्या खणात. शेवटचं दुकान होईपर्यंत बाहेर काढायचा नाही. बाकीचे ड्रायव्हर मान डोलवायचे आणि आपल्याला हवं तेच करायचे. नियम तंतोतंत पाळणारा माणूस एकच, तो म्हणजे भाऊजी. वहिनींनी सांगितलं म्हणजे सांगितलं.

त्या सकाळी सात वाजायला दहा मिनिटं होती. चार फोन एकदम वाजत होते. कापडबाजाराच्या ट्रकला उशीर झाला होता आणि धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात मुकादम जिन्यात अर्ध्यावर येऊन ओरडले, "वहिनी, नऊ नंबरचा क्लच गेला. गाडी बसली. तिचा थोडा माल आहे, भाऊजींच्या गाडीत टाकू का? रस्ता एकच आहे."

वहिनींनी कागदावर वजन पाहिलं. बसत होतं. "टाका," त्या म्हणाल्या. मान वरसुद्धा केली नाही.

सात वाजता भाऊजींची बंद पेटीची गाडी फाटकातून बाहेर पडली. साडेसातला थोडी उसंत मिळाली. वहिनींनी चहाचा कप जवळ ओढला आणि नऊ नंबरचा माल भाऊजींच्या नावावर चढवायला कागद घेतला. बिजागऱ्यांची तीन खोकी. पत्र्याच्या बादल्या, एक गठ्ठा. मुलामा देणाऱ्या कारखान्याला अ‍ॅसिड, चार कॅन.

त्यांनी भाऊजींचा कागद शेजारी ठेवला. औषधांच्या दुकानाचं खोकं. वह्या. धुलाईच्या दुकानाला ब्लीचचं पाणी, सहा कॅन.

वहिनी दोन्ही कागदांकडे बघत राहिल्या. चहाचा कप हातातच राहिला. वर्षापूर्वी अग्निशमन दलाची माणसं डेपोत शिकवायला आली होती. त्यांनी अंगणात एका काचेच्या भांड्यात ह्यातलं थोडं आणि त्यातलं थोडं एकत्र ओतलं होतं आणि सगळ्यांना ताबडतोब वारा येत होता त्या बाजूला पळवलं होतं. भांड्यातून पिवळसर हिरवा धूर उठला होता. "हा वर जात नाही," शिकवणारा म्हणाला होता. "हा जड असतो. खाली बसतो, खड्ड्यात साचतो. ह्यात दहा श्वास घेतले तर अकरावा घेता येईलच असं नाही." तेव्हा मुकादमांनी कुजबुजून काहीतरी विनोद केला होता आणि वहिनी हसल्या होत्या.

"मुकादम!" वहिनी इतक्या जोरात ओरडल्या की खालचे सगळे गप्प झाले. "नऊ नंबरचे निळे कॅन कुठे ठेवलेत?"

मुकादम धावत वर आले. "मागेच. पांढऱ्या कॅनांना चिकटून. का हो?" मग त्यांनी वहिनींच्या हातातले कागद पाहिले आणि भिंतीला टेकले. "वर बिजागऱ्यांची खोकी रचलीत," ते हळूच म्हणाले. "लोखंडी पट्ट्यांची. कोपरे लागतात त्यांचे."

वहिनींनी भाऊजींना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. हा फोन कुणी बंद करायला लावला हे त्यांना माहीत होतं, आणि तरी त्या लावत राहिल्या.

स्क्रीनवर तीन नंबरचा ठिपका औषधांच्या दुकानाजवळ होता. त्यांनी तिथे फोन केला.

"आत्ताच गेले की," दुकानदार म्हणाला. "खोकं पुढच्या सीटवरच होतं, काढून दिलं आणि निघाले. पण काय हो, त्यांना बरं नाही का? खोकत होते सारखे. आणि गाडीला वास येत होता, पोहायच्या तलावावर येतो ना, तसा."

म्हणजे दोन्हींतला एकेक कॅन फुटला होता. माल ठेवायची पेटी आणि ड्रायव्हरची जागा ह्यांच्या मध्ये एक सरकती जाळी होती. भाऊजी ती उघडी ठेवायचे, माल हलला तर आवाज यावा म्हणून. काळजीने चालवणारा माणूस.

"अग्निशमनला फोन लावा," त्या मुकादमांना म्हणाल्या. "काय आहे, किती आहे, सगळं सांगा. लपवू नका काही."

आणि मग स्क्रीनवर तो ठिपका सरकत सरकत भुयारी रस्त्याच्या तोंडाशी गेला आणि थांबला.

भुयारात गाडी शिरली की ठिपका हलत नाही, हे वहिनींना पाठ होतं. वर छत असतं, गाडीचा पत्ता लागत नाही. दोन मिनिटांनी पलीकडे उगवतो. रोज उगवतो. पण गाडी खरंच आत थांबली असेल तरी ठिपका असाच दिसणार. आणि ते भुयार म्हणजे शहरातली सगळ्यात खोल जागा. खाली बसणारा, साचणारा तो धूर, वर छत, पुढेमागे गाड्यांची रांग. वहिनी घड्याळाकडे बघायच्या आणि ठिपक्याकडे बघायच्या. दोन मिनिटं झाली. तीन झाली. मागे मुकादम अग्निशमनवाल्यांना पत्ता सांगत होते. "भुयारात... बहुतेक भुयारात आहे हो... नक्की कसं सांगू?"

पलीकडच्या तोंडाशी कोण आहे? धुलाईचं दुकान दोन चौक पुढे. कारखाना त्याच्याही पुढे. भुयाराच्या चढावर, अगदी कोपऱ्यावर एक घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. तिथे माल जात नव्हता. पण त्या म्हाताऱ्या घड्याळवाल्याचा नंबर वहिनींकडे होता. टेम्पोवाले त्याच्या दारात गाडी लावायचे, त्याचा उजेड जायचा, आणि तो आठवड्यातून एकदा फोन करून वहिनींची हजेरी घ्यायचा. फोनमध्ये त्याचं नाव त्यांनी 'तक्रार' असं ठेवलं होतं.

"बोला," पलीकडून आवाज आला. "आज स्वतःहून? माफी मागायला का?"

"काका, भांडण उद्या करा. आज माझं ऐका. भुयारातून एक बंद पेटीची पांढरी गाडी वर येईल. दारावर लाल तीन आहे. ती थांबवा. त्यात विषारी गॅस झालाय. ड्रायव्हरला बाहेर काढा आणि मागचं दार अजिबात उघडू देऊ नका."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तुमची गाडी माझ्या दारातच उभी आहे," काका म्हणाले. "आत्ताच येऊन थांबली. मी शिव्या द्यायलाच उठत होतो."

म्हणजे भुयारातून वर आले होते. वहिनींनी डोळे मिटले. पण काका पुढे म्हणाले, "उतरलाय तो. डोळे चोळतोय. चाव्या घेऊन मागे निघालाय."

"काका, पळा!"

पुढचं सगळं वहिनींनी फोनमध्ये ऐकलं. रस्त्याचे हॉर्न. काकांच्या सपाता. "ए! ए पोरा! हात लावू नको!" भाऊजींचा खोकला, इतका मोठा आणि फाटलेला की वहिनींनी तो ओळखलाच नाही. मग लोखंडी कडी सरकल्याचा आवाज. तो आवाज त्यांनी डेपोत रोज दोनशे वेळा ऐकलेला.

"वर न्या त्याला!" त्या ओरडत होत्या. "चढावर न्या! खाली बसू देऊ नका! काका, वर!"

काहीतरी पडलं. बायकांच्या किंकाळ्या ऐकू आल्या. आणि फोन बंद झाला.

त्यानंतर कुणीच फोन उचलला नाही. वहिनी उभ्या होत्या त्या उभ्याच राहिल्या. खाली धक्क्यावर माल उचलणं थांबलं होतं. सगळे वर काचेकडे बघत होते. वहिनींना दिसत होतं ते घर. सासूबाई आता ओट्याशी असतील. रेडिओ लावलेला असेल. धाकट्याचा डबा आज त्यांनीच भरला होता. एवढ्या वर्षांत लांबच्या रस्त्यावरून फोन येईल म्हणून त्या घराने श्वास रोखून धरला होता, आणि जे व्हायचं ते इथे, चार किलोमीटरवर, वहिनींच्या एका शब्दाने झालं होतं.

अकरा मिनिटांनी अग्निशमनच्या अधिकाऱ्याचा फोन आला. ड्रायव्हर जिवंत आहे. एक वयस्कर गृहस्थही आहेत. दोघांना हॉस्पिटलात हलवलंय. वहिनींनी "बरं" म्हटलं आणि त्या जिन्याकडे धावल्या.

मुकादमांनी त्यांना स्कूटरवर मागे बसवून हॉस्पिटलात नेलं.

काय घडलं ते काकांनीच सांगितलं. तेही खाटेवर होते, नाकाला नळी, भिंग अजून कपाळावर तसंच. भाऊजींना वाटलं होतं की धुलाईच्या पाण्याचा एखादा कॅन सांडला असेल, माल बघून घ्यावा. काका पोचेपर्यंत त्यांनी कडी काढली होती आणि दार वीतभर उघडलं होतं. धुराचा लोट सरळ तोंडावर आला. भाऊजी गुडघ्यांवर बसले. खाली, नेमके खाली. काकांनी त्यांना कॉलरला धरून चढावरून ओढलं. "सत्तर वर्षांचा आहे मी," काका धापा टाकत म्हणाले. "पन्नास वर्षं चिमट्यापेक्षा जड काही उचललं नव्हतं. तुमचा पोरगा भलताच वजनदार आहे." त्यांच्या वरच्या मजल्यावर शिवणवर्ग चालायचा. त्या बायकांनी मागच्या जिन्याने उतरून दोघांना आणखी वर नेलं होतं.

भाऊजींच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. डोळे सुजून मिटले होते. डॉक्टर म्हणाल्या, "आज बोलतोय म्हणून खूश होऊ नका. ह्यात फुप्फुसांत पाणी नंतर भरतं. उद्या सकाळपर्यंत मी काही सांगणार नाही."

सासूबाई आल्या तेव्हा त्यांच्या हाताला अजून पीठ होतं. त्यांनी मुलाच्या कपाळाला हात लावला, बराच वेळ लावून ठेवला. मग वहिनींना बाहेर बाकावर घेऊन आल्या.

"कुणी टाकला तो माल?"

वहिनींना सांगता आलं असतं की क्लच गेला. घाई होती. मुकादमांनी विचारलं. "मी हो म्हणाले, आई," त्या म्हणाल्या. "यादी न वाचता."

सासूबाई उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. वहिनी त्या बाकावरच बसून राहिल्या. आतून खोकला आला की त्या दाराकडे बघायच्या, आणि बराच वेळ आला नाही तर उठून दाराला कान लावायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "निभावलं."

चौथ्या दिवशी मोठ्या साहेबांनी वहिनींना खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. साहेब तसे वाईट नव्हते. "चौकशी होणार," ते म्हणाले. "कागदावर तुमची सही नाही. तोंडी काय बोलणं झालं ते दोघांनाच माहीत. मुकादम दोन वर्षांत घरी बसणार आहेत. त्यांनी न विचारता माल टाकला असं लिहिलं तर त्यांचं फार काही बिघडत नाही. तुम्हाला अजून वीस वर्षं काढायची आहेत. विचार करा."

वहिनींनी विचार केला नाही असं नाही. त्या जिन्यात बसून राहिल्या आणि त्यांना आपलीच भीती वाटली, कारण ते किती सोपं आहे हे दिसत होतं. नोकरी जाईल. कदाचित पोलीस येतील. घरात आधीच कुणी बोलत नाही. खाली मुकादम एका नव्या माणसाला खोकं कसं उचलायचं ते दाखवत होते. कंबरेतून नाही, गुडघ्यातून. वहिनींनी कागद मागवला आणि लिहिलं: मुकादमांनी विचारलं. मी मालाची यादी न वाचता परवानगी दिली. खाली सही केली.

त्यांना सहा महिने त्या खोलीतून काढलं आणि खाली वजनकाट्यावर बसवलं. कंपनीला दंड झाला. डेपोत नवा नियम आला, की कुठलाही कॅन यादी मोठ्याने वाचल्याशिवाय गाडीत चढणार नाही. ड्रायव्हर वैतागले, पण पहिल्या आठवड्यानंतर कुणी कुरकुर केली नाही. मुकादमांनी वहिनींच्या सहीबद्दल एक अवाक्षर काढलं नाही. फक्त वजनकाट्याजवळची मोडकी खुर्ची एके दिवशी बदललेली दिसली. काका बरे होऊन दुकानात बसायला लागले. वहिनी त्यांना भेटायला गेल्या तर म्हणाले, "आता माझ्या दारात गाड्या लावू नका असं तुम्हाला सांगायची पंचाईत झाली." आणि तरी सांगितलंच.

भाऊजी घरी आले ते आवाज बसलेले. दोन जिने चढले की धाप लागायची. डॉक्टरांनी वर्षभर गाडी बंद सांगितली. पहिल्याच दिवशी ते वहिनींना म्हणाले, "वहिनी, जाळी मीच उघडी ठेवली होती. वास आला तेव्हाच थांबायला हवं होतं. मला वाटलं, साडेनऊ होतील."

"नका बोलू भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "छातीला ताण पडेल."

सासूबाईंनी मात्र बोलणं टाकलं होतं. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, बोलायच्या नाहीत. यजमान फेरीवरून आले, चार दिवस दोघींच्या मध्ये बसले आणि पुन्हा ट्रक घेऊन गेले.

सहा महिन्यांनी वहिनी पुन्हा काचेच्या खोलीत बसल्या. तिसऱ्या दिवशी खाली गडबड झाली म्हणून त्यांनी वाकून पाहिलं. सासूबाई फाटकातून आत येत होत्या. हातात छत्री, पायात घरच्याच चपला. डेपोत त्या कधीच आल्या नव्हत्या. मुकादम त्यांना हात देऊन जिना चढवत होते.

वहिनी उभ्या राहिल्या. सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. फोन, कागद, भिंतीवरचं घड्याळ. मग स्क्रीनसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय हलतंय?"

"गाड्या आहेत, आई. एकेक ठिपका म्हणजे एकेक गाडी."

"प्रत्येकात माणूस?"

"हो."

सासूबाईंनी मोजायचा प्रयत्न केला, पण ठिपके जागा बदलत होते. "आणि मोठा? त्याचा कुठला?"

"तो ह्यात दिसत नाही. ते शहराच्या बाहेर गेलेत, परवाच निघालेत फेरीवर."

"दिसत नाही," सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या. भुयाराच्या तोंडाशी एक ठिपका थांबला होता. वहिनींची नजर तिथे खिळली आणि त्यांच्या हातातलं पेन हलेनासं झालं. ते सासूबाईंनी पाहिलं. त्यांनी पुढे होऊन पाहिलं की सून कुठे बघते आहे, आणि मग त्याही तिथेच बघायला लागल्या. एक मिनिट. दीड. ठिपका पलीकडे उगवला आणि चढ चढून गेला.

"रोज असं होतं तुला?"

"रोज. प्रत्येक गाडीला."

सासूबाईंनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, वहिनींच्या शेजारी लावली आणि छत्री मांडीवर आडवी घेऊन बसल्या. "कर तुझं काम," त्या म्हणाल्या. "मी बसते जरा."